मॉन्स्टर रोमान्स : राक्षसाच्या प्रेमकथेत नोकरी, पगार आणि आपलं म्हणणारी माणसं

रानजाई

बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतेय. मॉन्स्टर रोमान्स मी भरपूर वाचलाय, म्हणजे ज्यात नायक (कधी नायिका) मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा) असतो, ऑर्क (फँटसीतला धिप्पाड राक्षस) असतो, ड्रॅगन, गार्गॉइल (दगडी, पंखवाला राक्षस), दुसऱ्या ग्रहावरचा कोणी, आणि महत्त्वाचं म्हणजे तो शेवटपर्यंत तसाच राहतो, राजपुत्र बिजपुत्र होत नाही. या पुस्तकांचा विषय निघाला की चर्चा लगेच शरीरावर जाते, शिंगं किती आणि शेपटी कुठे, आणि तिथेच संपते. शृंगार आहेच त्यात, भरपूर आहे, मला आवडतो. पण मला या प्रकारात सगळ्यात जास्त धरून ठेवतं ते काम. या पुस्तकांतले लोक सतत काहीतरी काम करत असतात, कर्ज फेडत असतात, शिफ्टला उशीर होईल म्हणून धावत असतात, आणि प्रेम त्या कामाच्या आत घडतं.

हे जुन्या गोष्टींच्या बरोब्बर उलटं आहे. ब्यूटी अँड द बीस्ट घ्या. ती १७४० मध्ये गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह या फ्रेंच लेखिकेने लिहिली, लांबलचक, आणि १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी तिची छोटी आवृत्ती केली, मुलींना वळण लावायला. आपल्याला माहीत असते ती बोमाँची. त्यात बापाचा व्यापार बुडतो, कुटुंब खेड्यात जाऊन राहतं, आणि ब्यूटी पहाटे चारला उठून झाडलोट करते, सगळ्यांचं जेवण करते. मग ती बीस्टच्या महालात जाते आणि काम एकदम बंद. जेवण समोर हजर, दिवस वाचनात आणि वाद्य वाजवण्यात. प्रेमकथा सुरू झाली की बाईचे कष्ट संपले, हे तिथलं बक्षीस.

आता २०२१ मधलं सी. एम. नास्कोस्टा यांचं 'मॉर्निंग ग्लोरी मिल्किंग फार्म' बघा. व्हायोलेट मास्टर्स झालेली, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज, शिकली त्यातली नोकरी मिळत नाही, म्हणून ती मिनोटॉर पुरुषांचं वीर्य औषध बनवणाऱ्यांसाठी गोळा करणाऱ्या सेंटरमध्ये टेक्निशियन म्हणून लागते. आणि लेखिका आपल्याला आधी काय देते तर ट्रेनिंग, कामाची पद्धत, पगार, कर्जाचा हप्ता. म्हणजे शरीराला हात लावण्याचं काम आहे आणि ते आधी खरोखर *काम* आहे, नीट पगार असलेलं. रोर्क या मिनोटॉर क्लायंटशी तिची ओळख त्या कामातून होते, मग बाहेर, कपडे घातलेल्या अवस्थेत, कॉफी पिताना पुढे सरकते. प्रेमात पडल्यावर कर्ज गायब होत नाही.

मला यातून जे दिसतं ते असं, की समोरचा देह, समोरच्याचं शरीरशास्त्र, त्याच्या घरचं माप, काहीच ओळखीचं नसलं की काहीच गृहीत धरता येत नाही, मग विचारावं लागतं. हे चालेल का, इथे दुखतं का, तुमच्यात याचा अर्थ काय होतो, या खुर्चीत तू मावतोस का. माणसा-माणसांच्या प्रेमकथेत हे प्रश्न कोणी विचारत नाही कारण दोघांनाही वाटतं की आपल्याला माहितीच आहे. मॉन्स्टर रोमान्समधली जवळीक म्हणजे मला तरी ते विचारणं वाटतं. आणि बऱ्या पुस्तकांत तीच पद्धत कामाच्या जागेला आणि गावालाही लागू होते.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. स्पॉयलर असतील तर वर एक ओळ टाका प्लीज.

पारवा

मस्त धागा. एक भर घालतो, तुमच्याच मुद्द्याला धरून. व्हिलनव्हच्या मूळ गोष्टीत बीस्ट रोज रात्री जेवणानंतर ब्यूटीला सरळ विचारतो की आज माझ्यासोबत झोपशील का. ती नाही म्हणते, तो शुभरात्री म्हणून निघून जातो, दुसऱ्या रात्री परत तोच प्रश्न. बोमाँबाईंनी मुलींसाठी गोष्ट लिहिताना तो प्रश्न बदलून 'माझ्याशी लग्न करशील का' असा केला. म्हणजे विचारणं सुरुवातीपासून होतंच, आणि नाही ऐकून घेणंही होतं, सभ्य केलं गेलं ते फक्त प्रश्नाचं रूप. आजच्या पुस्तकांनी मूळ प्रश्न परत आणलाय असं म्हणता येईल.

सोनचाफा_

रानजाई, लेख आवडला पण मला हे सगळं इतकं गोड दिसत नाही. तू जे विचारण्याबद्दल म्हणतेयस ते या प्रकारातल्या किती पुस्तकांत आहे? सगळ्यात खपलेली सीरिज घे, रुबी डिक्सनची 'आइस प्लॅनेट बार्बेरियन्स'. २०१५ ला स्वतःच प्रसिद्ध केली, २०२१ ला टिकटॉकवर व्हायरल झाली आणि मग मोठ्या प्रकाशनाने नव्याने काढली. तिथे मुळात बायकांना पळवून आणलेलं असतं, यान बर्फाच्या ग्रहावर पडतं, जगायचं असेल तर शरीरात खुई नावाचा एक परजीवी घ्यावाच लागतो, आणि तो खुई ठरवतो तुझा जोडीदार कोण. छातीत गुरगुर सुरू झाली की झालं, पुढे मूलही ठरलेलं. यात कोण कोणाला विचारतंय? शरीराने ठरवलं आणि मनाने मागून सही केली. नशिबातला जोडीदार हा प्रकार या साहित्यात इतका पसरलाय की मला तो विचारण्यापासूनची पळवाट वाटतो. नकार देण्याची जागाच राहत नाही, आणि वाचकाला सांगायचं की बघा किती सुरक्षित.

कामाचं म्हणशील तर तिथे काम आहे, टोळीत सगळे राबतात, शिकार, कातडी कमावणं, पोरं सांभाळणं. पण सोडून जायची सोय नसेल तर ते काम की आणखी काही?

रानजाई

सोनचाफा, हा आक्षेप मी मान्य करते, पूर्ण नाही पण बराचसा. नशिबातला जोडीदार हे माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध टोक आहे हे खरंच. तरी तिथे वाचकाला काय मिळतं ते मी बघते. माझ्या ओळखीच्या ज्या बायका ती सीरिज परत परत वाचतात त्या गुरगुरीसाठी वाचत नाहीत, टोळीसाठी वाचतात. प्रत्येक पुस्तकात आधीच्या जोड्या मागे वावरत असतात, कोणाचं बाळ दात काढतंय, कोणी रुसलंय, सगळ्यांना एकमेकांचं माहीत आहे, आणि नव्याने आलेल्या बाईला कोणी 'तू इथली नाहीस' म्हणत नाही. हे आकर्षण प्रचंड आहे. कोणीतरी आपल्याला निवडलंय आणि आता परत इंटरव्ह्यू नाही. रोज स्वतःची लायकी सिद्ध करून दमलेल्या माणसाला ते हवंसं वाटणारच.

पण त्याची किंमत तू सांगतेस तीच, की निवड गेली. मला त्यामुळेच दोन प्रकार वेगळे ठेवावेसे वाटतात. एकात आपलेपणा रक्तातून मिळतो, दुसऱ्यात तो रोजच्या वागण्यातून कमवावा लागतो. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे.

हातगुण

मी फिजिओथेरपिस्ट आहे. 'मॉर्निंग ग्लोरी' मैत्रिणीने दिलं तेव्हा नाव वाचून बाजूला ठेवलं होतं, नंतर वाचलं आणि त्यातला कामाचा भाग वाचताना मी अक्षरशः मान डोलावत होते.

लोकांना वाटतं अनोळखी शरीराला हात लावण्याचं काम म्हणजे एकतर घाण किंवा काहीतरी चावट. प्रत्यक्षात ते एका ठराविक शिस्तीचं काम असतं. हात लावण्याआधी सांगायचं की मी आता खांद्याच्या मागे दाबणार आहे. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. दुखलं तर थांबा म्हणा असं आधीच सांगून ठेवायचं, आणि मध्येच परत विचारायचं, कारण सुरुवातीला हो म्हटलेल्या माणसाचं दहा मिनिटांनी नाही झालेलं असू शकतं आणि तो संकोचापोटी बोलत नाही. त्याचा श्वास बदलला, बोटं आवळली, की आपणच थांबायचं. हे सगळं करत करत पेशंटशी एक नातं तयार होतं, त्याला प्रेम नाही म्हणणार मी, पण ते नातं आहे. आपल्या घरच्यांनाही माहीत नसतं त्यांचं कुठलं हाड कधी दुखतं, आणि मला माहीत असतं. संध्याकाळी घरी गेल्यावर कोणी सहज खांद्यावर हात ठेवला तरी नको वाटतं कधी कधी, हाताची शिल्लकच संपलेली असते. असं लिहिलेलं मी कथा-कादंबऱ्यांत फार वाचलेलं नाही. नर्स, मालिश करणाऱ्या बायका, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका, यांचं काम कादंबरीत येतं ते त्याग म्हणून नाहीतर लफडं म्हणून. इथे ते कौशल्य म्हणून आलं याचं मला खरंच बरं वाटलं.

आता दुसरी बाजू. माझ्या पेशात पेशंटशी प्रेमसंबंध चालत नाहीत, आणि ते नियम उगाच नाहीत. टेबलावर झोपलेला माणूस आणि उभा असलेला माणूस यांच्यात समानता नसते. पुस्तकात उलटं आहे, टेक्निशियन पैशाने दुबळी आणि क्लायंट श्रीमंत, तरी अस्वस्थता राहतेच. तिने नाही म्हटलं असतं तर नोकरीवर परिणाम झाला असता का? लेखिकेने त्यांना हळूहळू पुढे नेलंय, कामाच्या बाहेर भेटवलंय, म्हणून मी ते स्वीकारते. पण याच धर्तीवरच्या दुसऱ्या कितीतरी पुस्तकांत राक्षस सरळ बॉस असतो आणि तिथे माझं मन उडतं.

उदमांजर

हातगुण यांच्या प्रतिसादाला +१००. हाताची शिल्लक संपते हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

पिंपळपार

मला इथे दोन जुन्या गोष्टी आठवल्या त्या टाकतोच.

पहिली विजयदान देथांची 'दुविधा'. राजस्थानी लोककथेवरची. मणी कौल यांनी १९७३ ला सिनेमा केला आणि अमोल पालेकरांनी २००५ ला 'पहेली'. नवरा लग्नाची वरात घरी येते न येते तोच बापाच्या आज्ञेने पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो, वाटेतही हिशोब करत बसलेला असतो. आणि एक भूत तिच्यावर भाळून नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. आता बघा, सासऱ्याला ते भूत रोज सोन्याची मोहोर देऊन गप्प करतं, तिथे फसवणूक चालते. पण तिच्यासमोर मात्र ते खरं सांगतं, की मी तुझा नवरा नाही, भूत आहे, आता तू ठरव. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलेलं असतं. रानजाई म्हणतात तो मुद्दा तंतोतंत. ज्याला हक्क होता त्याने विचारलं नाही, ज्याला कसलाच हक्क नव्हता त्याने विचारलं. आणि कामाचंही बघा, माणूस नवरा कामापायी घराबाहेर आणि भूत घरात हजर. राक्षसाची खरी शक्ती काय तर त्याच्याकडे वेळ आहे!

दुसरी हिडिंबा. आदिपर्वात ती स्वतः भीमावर मन जडल्याचं सांगते, कुंतीला विनवते. पांडव अट घालतात की दिवसा भीम तुझ्याबरोबर, रात्री परत भावांकडे, आणि तेही मूल होईपर्यंत. घटोत्कच होतो, हिडिंबा तिच्या वाटेने जाते, पांडव पुढे. म्हणजे नातं झालं, मूल झालं, पण घरात जागा नाही झाली. घटोत्कच सांगून जातो की काम पडेल तेव्हा आठवण करा, आणि ते करतातही. वनवासात चढ चढवेना तेव्हा द्रौपदीला खांद्यावर न्यायला घटोत्कच, आणि युद्धात चौदाव्या रात्री कर्णाची इंद्राने दिलेली शक्ती अंगावर घ्यायला घटोत्कच. तो पडल्यावर कृष्णाला आनंद होतो कारण अर्जुन वाचला. वर कृष्ण हेही सांगतो की याला कर्णाने मारलं नसतं तर पुढे मलाच मारावं लागलं असतं. कामापुरता आपला, एरवी राक्षस. याहून स्पष्ट कोणी लिहिलेलं मला तरी माहीत नाही.

सोनचाफा_

पिंपळपार, घटोत्कचाचं वाचून अंगावर काटा आला. आणि माझा दुसरा आक्षेप नेमका हाच आहे. या नव्या पुस्तकांत राक्षसांचं वर्णन ज्या शब्दांत होतं ते बघा, प्रचंड ताकद, जनावरासारखी भूक, कबिला, रांगडेपणा, मोडकीतोडकी भाषा. हे सगळे शब्द कोणत्या ना कोणत्या खऱ्या माणसांबद्दल आधी वापरले गेलेत, त्यांना हलकं ठरवायला, त्यांच्याकडून फुकट काम करून घ्यायला. ऑर्क या कल्पनेवर तर वंशभेदाची टीका खूप आधीपासून होत आलीये. आणि आता तेच शब्द प्रेमाच्या पाकात घोळून येतात, नायिका बहुतेक वेळा गोरी आणि 'नॉर्मल', आणि राक्षस तिला नवं जग दाखवण्यापुरता. ती त्याच्यात मिसळते की तो तिच्या कामाला येतो? हा प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारते आणि बरीच पुस्तकं तिथे नापास होतात.

गाभुळलेली_चिंच

(स्पॉयलर आहे, 'लेजंड्स अँड लाटेज' वाचलं नसेल तर हा प्रतिसाद सोडा)

सोनचाफा, तुझ्या त्या प्रश्नात पास होणारं एक पुस्तक सांगते. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांचं 'लेजंड्स अँड लाटेज', २०२२. याला लोक कोझी फँटसी (उबदार, निवांत जादुई गोष्ट) म्हणतात, शृंगार जवळपास नाहीच, पण मी त्याला मॉन्स्टर रोमान्सच मानते कारण दोघीही राक्षसकुळातल्या. व्हिव ही ऑर्क, आयुष्यभर भाडोत्री तलवार चालवलेली, ती ते सोडून अशा शहरात कॉफीचं दुकान टाकते जिथे कॉफी काय ते कोणालाच माहीत नाही. टँड्री ही सक्युबस (माणसांना भुरळ घालणारी राक्षसी), नोकरीची जाहिरात वाचून येते.

इथे माणूस नायिका नाहीच त्यामुळे नॉर्मल कोण हा प्रश्न उरत नाही. दोघींबद्दल शहराने आधीच ठरवून टाकलंय, एकीचं शरीर मारण्यासाठी आणि दुसरीचं भुरळ घालण्यासाठी. टँड्रीच्या मागे एक माणूस लागलाय, आणि कारण काय तर ती सक्युबस आहे म्हणजे तिलाही हवंच असणार. आणि व्हिव काय करते? तिच्याकडून फक्त कष्ट करून घेत नाही, तिला मत विचारते, पाटी कशी असावी, लोकांना आत कसं आणावं, आणि ते मत अंमलात आणते. माझ्या मते त्या पुस्तकातला सगळ्यात प्रेमाचा क्षण चुंबनाचा नाहीये, टँड्रीचं म्हणणं ऐकून दुकान बदलतं तो आहे. थिंबल म्हणून एक उंदरासारखा बेकर आहे, तो जेमतेम एखाद-दुसरा शब्द बोलतो, त्याला हवी ती भट्टी मिळेपर्यंत त्याचं म्हणणं धीराने समजून घेतलं जातं. पुढे दुकान जळतं, आणि जी मंडळी तिथे जमलेली असतात तीच परत उभं करायला येतात. व्हिवला आधी वाटत असतं की पुरून ठेवलेल्या जादूच्या दगडाने भरभराट होतेय. वाचताना मला सारखं वाटत होतं की हा दगड नसता तरी चाललं असतं!

कामातून आपलेपणा कमावणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर हेच.

रानजाई

चिंच, चुंबनाबद्दल लिहिलंस ते अगदी अगदी. आणि व्हिव मालक आहे, टँड्री नोकर, हा फरक पुस्तक लपवत नाही हेही मला आवडलं, तो ऐकण्यातून हळूहळू कमी होत जातो. हातगुण यांनी जो प्रश्न विचारला, नाही म्हटलं असतं तर काय, त्याचं उत्तर तिथे वाचकाला माहीत असतं, की काही बिघडलं नसतं, टँड्री कामावर राहिली असती.

बिनपाण्याचा_मासा

'शेप ऑफ वॉटर' कोणीच कसं काढलं नाही! गिलेर्मो देल तोरोचा, २०१७, पुढच्या वर्षी उत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. राक्षसावरच्या प्रेमकथेला हे बक्षीस मिळणं मला तेव्हा फार मोठं वाटलं होतं आणि अजून वाटतं.

मी स्वतः नीट बोलू शकत नाही, म्हणजे अडखळतो इतका की फोनवर काम होत नाही. त्यामुळे एलायझा माझ्यासाठी नुसती नायिका नव्हे. १९६२ चं बाल्टिमोर, सरकारी गुप्त प्रयोगशाळा, तिथे ती रात्रपाळीला साफसफाई करते, तिला वाचा नाही. तिथे पकडून आणलेल्या एका जलचराला अधिकारी वस्तू समजतात, आणि त्याच नजरेने सफाई करणाऱ्या बायकांकडेही बघतात, म्हणजे बघतच नाहीत. ती त्याला उकडलेली अंडी देते, खुणांची भाषा शिकवते. खुणांमध्येच सांगते की तो माझ्याकडे बघतो तेव्हा माझ्यात काय कमी आहे हे त्याला ठाऊकच नसतं. ते वाक्य मी विसरू शकत नाही.

आणि कामाचं म्हणाल तर तिची सुटकेची सगळी योजना कामाच्या माहितीतून येते. कॅमेरा कुठे बघत नाही हे सफाईवाल्यांना माहीत, कारण तिथेच सगळे चोरून सिगरेट ओढतात. बाहेर कसं न्यायचं तर धुण्याच्या कपड्यांच्या गाडीतून. तिच्यासोबत सफाई करणारी झेल्डा मदत करते, शेजारचा म्हातारा चित्रकार मदत करतो. एकही हिरो छाप माणूस नाही.

पण शेवट मला टोचतो. ती पाण्यात जाते, मानेवरच्या वणांचे कल्ले होतात. म्हणजे आपल्यासारख्याला आपली जागा हवी तर या जगाबाहेरच जावं लागणार? झेल्डा इथेच राहिली, तिला दुसऱ्या दिवशी परत कामावर जायचं होतं (म्हणजे नोकरी उरली असती तर). मला असा सिनेमा हवा होता ज्यात एलायझा इथेच राहते आणि तिच्याशी बोलायला चार लोक खुणा शिकतात.

पारवा

मासा, फार मनापासून लिहिलंत. या सिनेमाच्या बऱ्याच आधीचं, १९८२ चं एक छोटं पुस्तक आहे, रेचेल इंगल्स यांचं 'मिसेस कॅलिबन'. गृहिणी, नवरा बाहेरख्याली, मूल गेलेलं, आणि संशोधन संस्थेतून पळालेला एक जलचर तिच्या स्वयंपाकघरात येतो. तो तिला घरकामात मदत करतो. बस्, एवढंच. पण तिच्या नवऱ्याने जे काम कधी काम म्हणून पाहिलंच नव्हतं ते या परक्याला कुतूहलाचं वाटतं, आणि ती त्याच्याकडे ओढली जाते यात मला काहीच अशक्य वाटलं नाही. तुम्हाला आवडेल.

शाईचा_डाग

एक काम राहिलं बोलायचं, ही पुस्तकं लिहिण्याचं काम. मी टोपणनावाने इंग्रजीत लिहितो, याच प्रकारात, किंडल अनलिमिटेडवर (ॲमेझॉनची सेवा, महिन्याचे ठराविक पैसे भरून ईबुकं वाचायची). ते २०१४ च्या जुलैमध्ये सुरू झालं तेव्हा वाचकाने पुस्तकाचा दहा टक्के भाग ओलांडला की लेखकाला ठराविक हिस्सा मिळायचा, त्यामुळे छोटे छोटे भाग काढणं परवडायचं. २०१५ च्या जुलैपासून वाचलेल्या पानांवर पैसे. आता लांबी आणि वाचक शेवटपर्यंत टिकणं यावर सगळं चालतं. दर महिन्याला एक ठरलेला निधी, सगळ्यांनी वाचलेली पानं भागिले, आणि ईबुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही ही अट. म्हणजे एकाच तळ्यातून सगळ्यांनी प्यायचं. यामुळे लेखक धावत सुटतात, मालिका लांबतात, प्रत्येक दुय्यम पात्राला स्वतःचं पुस्तक मिळतं. रानजाई टोळीबद्दल बोलल्या, आधीच्या जोड्या मागे वावरत राहतात, ते वाचकांना आवडतं हे खरंच आहे, आणि ते लेखकाचं घरभाडंही आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. कर्ज आणि शिफ्टबद्दल या प्रकारात इतकं का येतं याचं एक कारण हेही असेल की लिहिणारे तेच जगतायत.

आणखी एक. आमच्या पुस्तकांच्या सुरुवातीला बऱ्याचदा यादी असते, आत काय काय आहे, काय त्रासदायक वाटू शकतं. काही जणांना त्याने रसभंग होतो. मला ते वाचकाला विचारणंच वाटतं. हे असं आहे, यायचंय का आत?

आता या धाग्यावर आलोच आहे तर हातगुण यांना एक प्रश्न. माझ्या नव्या गोष्टीत नदीत राहणारी एक बाई आहे, तिच्या कल्ल्यांना गाळाने जखमा झाल्यात, आणि धरणाच्या दवाखान्यातला एक माणूस तिच्यावर उपचार करतो. दोघं जवळ येतात. मला ते उपचाराच्या खोलीतच घडवायचं होतं पण तुमचा प्रतिसाद वाचून हात अडला. कसं करू?

सोनचाफा_

शाई, मी मध्ये पडते, तिला तिथून उठून जाता येईल असं काहीतरी ठेव. तिच्या उपचाराची चावी त्या एकट्याकडे असेल तर ती हो म्हणाली तरी मला ते हो ऐकू येणार नाही. आणि तिला स्वतःचं काम दे. पेशंट हे काम नव्हे.

हातगुण

सोनचाफा म्हणतेय ते बरोबर. आमच्याकडे पद्धत अशी, की आपल्या मनात काही वेगळं आलं असं जाणवलं तर आधी ती केस दुसऱ्याकडे द्यायची, आणि का देतोय हे वरिष्ठांना सांगायचं, पेशंटला दोषी न वाटता. मग बराच काळ जाऊ द्यायचा. मानसोपचारासारख्या काही क्षेत्रांत तर नंतरही कडक बंधनं असतात. गोष्टीत हे कंटाळवाणं होईल असं तुला वाटेल, पण मला उलट वाटतं. त्याने दुसऱ्या कोणाला तिच्या कल्ल्यांची माहिती शिकवायची, पाणी किती गार हवं, बोट कुठे टेकवायचं नाही, ती थांबा म्हणते तेव्हा शेपटीने कशी खूण करते, आणि शिकवताना त्याच्या लक्षात यावं की आपल्याला हे सगळं किती बारकाईने माहीत झालंय. ते वाचणाऱ्याला कळेल. पहिला स्पर्श त्यानंतर, दवाखान्याबाहेर, आणि तिने सुरू केलेला. आणि जखम तोवर भरलेली असू दे, नाहीतर तो हात लावताना निम्मं लक्ष टाक्यांकडेच जाईल, मी सांगते.

शाईचा_डाग

शेपटीची खूण घेतली. ती नदीच्या तळाचा गाळ मोजून धरणवाल्यांना आकडे देते असं करतोय, म्हणजे ती दवाखान्यात येते ते कामावर झालेल्या दुखापतीसाठी, आणि उपचाराचा खर्च धरणवाल्यांवर. पहिलं प्रकरण झालं की इथे सारांश टाकतो, सोनचाफा, तुम्ही नक्की वाचा.